दीड लाखाचा संगणक आणि आपले घर

(डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलडाणा येथे पालक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संगणकावरचे भाषण म्हटले की वक्ता एकविसाव्या शतकापासून सुरुवात करतो आणि श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात. मी सुरुवात सोयाबीनपासून करणार आहे. डोणगावात ते अधिक सयुक्तिक ठरेल.

मुलाला किंवा मुलीला अभियांत्रिकीला, ॲनिमेशनला, वास्तुशास्त्राला प्रवेश मिळतो. पेढे वाटून होतात. मग एक यादी हाती येते. तीत लिहिलेले असते, अमुक प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, शक्य तर बत्तीस, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. पालक दुकानात चौकशी करतात आणि आकडा येतो दीड लाखाच्या आसपास. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. या भावाने दीड लाख म्हणजे अठ्ठावीस क्विंटल सोयाबीन. एकरी सात क्विंटल उतारा धरला, तर चार एकरांचे सगळे पीक. बियाणे, खत, फवारणी, सोंगणी, मळणी यांचा खर्च यातून वजा केलेला नाही. शिवाय हमीभाव हा जाहीर झालेला भाव असतो. बाजार समितीत पदरात काय पडते, ते सभागृहातील शेतकऱ्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

हेच यंत्र अमेरिकेत साधारण सतराशे डॉलरला पडते. तेथील सर्वसामान्य पूर्णवेळ नोकरदाराची ती दीड आठवड्याची मिळकत. यंत्र तेच, किंमतही जवळपास तीच. तेथे दीड आठवडा आणि येथे चार एकरांचा खरीप. म्हणून सामान्य माणसाला उत्तम संगणक परवडतो का, हा प्रश्न वस्तूच्या किमतीइतकाच आपल्या मिळकतीचा आणि आपल्या देशाच्या उत्पादनसामर्थ्याचा आहे. शहाणा कुटुंबप्रमुख या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करतो. आपणही तसाच करू.

संगणक स्वस्त झाला, असे आपण गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकत आहोत आणि ते खोटे नाही. ऐंशीच्या दशकात घरी संगणक असणे ही कल्पनाच मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होती. आयात शुल्क जबर होते, परवान्यांचे राज्य होते. नव्वदच्या दशकाअखेर चाळीस-पन्नास हजारांत जोडणीचा, म्हणजे ज्याला आपण ‘असेंबल’ म्हणत असू तो, संगणक मिळू लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तालुक्याच्या गावी यंत्रे जोडणारी होतकरू मुले आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. १९९६ साली सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील शुल्क हटविण्याचा करार झाला. भारत १९९७ मध्ये त्यात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरील आयात शुल्क शून्यावर आले.

ग्राहक म्हणून आपला लाभ झाला. पण देशी यंत्रसामग्री-उद्योगाला पाय रोवण्यापूर्वीच खुल्या मैदानात उतरावे लागले, ही त्याची दुसरी बाजू. सॉफ्टवेअरमध्ये आपण जगाचे कारकून आणि अभियंते झालो. यंत्र मात्र विकतच घेत राहिलो, आणि तेही डॉलरमध्ये. २००५ साली डॉलर चव्वेचाळीस रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. हजार डॉलरची वस्तू तेव्हा चव्वेचाळीस हजारांत येत होती. विदेशातील किंमत एका पैशानेही न वाढता ती आपल्याला नव्वद हजारांना पडू लागली.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. जो स्वस्त झाला तो साधा संगणक. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट यांपुरता. उच्च क्षमतेच्या यंत्राचे तसे झाले नाही. त्याची क्षमता दर दोन वर्षांनी वाढते आणि किंमत तेथेच राहते किंवा वर सरकते, कारण त्याला लागणाऱ्या सुट्या भागांचे निर्माते जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. सर्वांत प्रगत चिप तैवानमधील एका कंपनीच्या कारखान्यांतून प्रामुख्याने येतात. त्या छापण्याचे अतिप्रगत यंत्र केवळ नेदरलँड्समधील एकच कंपनी बनविते. आणि रॅमचा जवळजवळ सर्व जागतिक व्यवहार दक्षिण कोरियाच्या दोन आणि अमेरिकेच्या एका कंपनीच्या हाती आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन ही ती तीन नावे.

तिघांच्या हाती बाजार असला की काय होते, ते २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास दिसून आले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अमेरिकेत आणि अन्यत्र प्रचंड विदा-केंद्रे उभी राहत आहेत. त्यांना विशेष प्रकारची, अतिवेगवान स्मृती लागते. कारखाना तोच, सिलिकॉनची चकती तीच. ज्या मालात नफा अधिक, त्याकडे कारखाने वळले. घरगुती संगणकाची रॅम दुर्मीळ झाली आणि किरकोळ बाजारात काही महिन्यांतच तिचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच गुंडाळण्याची घोषणा केली. घरी बसून स्वतःच्या संगणकात रॅम घालणाऱ्या जगभरातील लक्षावधी लोकांच्या परिचयाचे ते नाव होते. गिऱ्हाईक लहान असले की दुकानदाराचे त्याच्याकडे लक्ष नसते, हा अनुभव आडतीच्या दुकानात आपण घेतलेलाच आहे. तो आता न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकालाही येत आहे, एवढाच काय तो फरक!

मग आपला देश काय करीत आहे, असे कोणी विचारील. काही करीत आहे, हे समाधानाने सांगितले पाहिजे, आणि किती करीत आहे हे प्रामाणिकपणेही. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातेत साणंद येथे मायक्रॉनच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. तो प्रकल्प स्मृतीच्या चिपांची जुळणी आणि चाचणी करण्याचा आहे, मूळ चकती घडविण्याचा नव्हे. धोलेरा येथे टाटा समूह तैवानी भागीदाराबरोबर जो कारखाना उभारीत आहे, त्याचे लक्ष्य २८ नॅनोमीटर व त्याहून जाड तंत्रज्ञानाचे आहे. मोटारी, उपकरणे, दूरसंचार यांसाठी ते अत्यंत उपयुक्त आहे, पण आजच्या उच्च क्षमतेच्या संगणकाचा प्रोसेसर त्यात बनत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सुपूर्द करण्यात आलेली ‘विक्रम’ ही चिप मोहालीच्या आपल्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत घडली, ही अभिमानाची गोष्ट आहे. ती अग्निबाणासाठी आहे, टेबलावरच्या संगणकासाठी नाही. वृत्तपत्रातील मथळा वाचून ‘आता संगणक स्वस्त होणार’ असे मुलांना सांगणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याने तर हे बारकावे अधिकच जाणून घेतले पाहिजेत. अपुऱ्या माहितीवर उभारलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

या निमित्ताने आपल्या वऱ्हाडातील एका सुपुत्राचे स्मरण करतो. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. ऐंशीच्या दशकात भारताला ‘क्रे’ हा अमेरिकन महासंगणक हवा होता. हवामानखात्याच्या कामासाठी त्यातील एक लहान यंत्र अटी-शर्तींसह मिळाले, बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी हवे होते त्यास मात्र आडकाठी झाली. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

‘परम’ची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. तीतील तांत्रिक मर्म मात्र क्वचितच सांगितले जाते. एक अवाढव्य, अतिमहाग प्रोसेसर मिळत नव्हता. तेव्हा या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाचे लहान, बाजारात मिळणारे प्रोसेसर घेतले आणि ते मोठ्या संख्येने एकमेकांस जोडले. एक गणित अनेक तुकड्यांत विभागून सर्वांना एकाच वेळी कामाला लावले. चिप ब्रिटनमधील इनमॉस या कंपनीच्या होत्या. स्वदेशी होती ती मांडणी, ती जोडणी आणि ते चालविणारे सॉफ्टवेअर. त्या ‘परम’च्या शेकडो पट गणनक्षमता आज मुलांच्या हातातील मोबाईलमध्ये आहे. ज्याला एक मोठे यंत्र परवडत नाही त्याने लहान यंत्रे एकत्र आणावीत, हा मार्ग मुरंब्याच्या माणसाने दाखविला. डोणगावने तो घरगुती पातळीवर का अनुसरू नये, याकडे मी शेवटी येणार आहे.

आधी दुसरा प्रश्न. मुळात इतके मोठे यंत्र लागते कोणाला? त्रिमिती ॲनिमेशन, मोठ्या चित्रफितींचे संपादन, अवजड आरेखने, यंत्र-शिक्षणाचे प्रयोग यांना ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर रॅम खरोखरच लागते. तेथे काटकसर केली तर विद्यार्थ्याचा वेळ वाया जातो. पण वाणिज्य, कायदा, परिचारिका अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षा यांना लागत नाही. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यालाही पहिली दोन वर्षे लागत नाही. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या साऱ्या भाषा आठ जीबीच्या साध्या यंत्रावर उत्तम शिकता येतात. महाविद्यालयाच्या यादीत ‘आवश्यक’ कोणते आणि ‘असल्यास उत्तम’ कोणते, हे पालकांनी निःसंकोच विचारावे. अनेकदा यादी गेल्या वर्षीच्या यादीवरून आणि ती कोण्या विक्रेत्याच्या पत्रकावरून उतरविलेली असते.

आणि मित्रहो, ज्या संगणकाच्या पेटीत सात रंगांचे दिवे लुकलुकतात तो अभ्यासासाठी मागितलेला नसतो, हे तुमच्या वडिलांना कळत नाही असे समजू नका. खेळ खेळणे हा अपराध नव्हे. पण चार एकरांचे पीक त्यासाठी मागताना त्याला अभ्यासाचे नाव देऊ नये.

आणखी एक गोष्ट बोलतो, ती भगिनींना पटेल. घरात दोन मुले असली आणि यंत्र एकच येणार असले, तर ते मुलाच्या खोलीत जाते. मुलीला आईचा जुना मोबाईल मिळतो. ती त्यावरच प्रकल्प लिहिते, अंगठ्यांनी टंकते. मातृतीर्थ म्हणविणाऱ्या जिल्ह्यात, सिंदखेडराजापासून जेमतेम दोन तासांच्या परिसरात, हे शोभत नाही. दीड लाखाच्या एका यंत्राऐवजी पन्नास-पंचावन्न हजारांची दोन घेतली, तर दोघांची सोय होऊन पैसे उरतात. हा हिशेब घराघरांत का मांडला जात नाही?

यंत्राच्या बिलावर न छापलेला खर्चही सांगितला पाहिजे. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक कामात असताना पाचशे वॅट सहज घेतो. रोज आठ तास चालला तर चार युनिट, महिन्याला एकशे वीस. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांनंतर आणि पुन्हा तीनशेनंतर चढतो. म्हणजे हे एकशे वीस युनिट अनेक घरांना वरच्या टप्प्यात ढकलतात. लॅपटॉप तेच आठ तास महिन्याला पंधरा-वीस युनिटांत भागवितो. शिवाय ते पाचशे वॅट अखेर उष्णतेच्याच रूपाने खोलीत येतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीस अंशांवर असताना पत्र्याच्या खोलीत त्या यंत्रासमोर बसून पाहावे. विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून चांगला यूपीएस हवा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. सोयाबीनच्या मळणीचा धुराळा पंख्यात अडकतो तो वेगळाच.

हप्त्यांचे एक. ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी दिसली की दोन प्रश्न विचारा. रोखीने घेतले तर किती सवलत? आणि प्रक्रिया शुल्क किती? जी सवलत हप्त्यात मिळत नाही तेच व्याज. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते. त्याऐवजी, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास संगणकाचा खर्च शैक्षणिक कर्जात समाविष्ट करता येतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत तशी तरतूद आहे. प्रवेशाच्या गडबडीत हे कोणी सांगत नाही. पुढे वेगळ्या, महाग व्याजाने कर्ज घ्यावे लागते. कराचेही असेच. संगणकावर अठरा टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाला तो आपल्या कराच्या हिशेबात वळता करता येतो. विद्यार्थ्याला येत नाही. ज्याची ऐपत कमी त्याला यंत्र अधिक महाग, असा हा उलटा न्याय आहे आणि त्यावर लोकप्रतिनिधींकडे निवेदन देण्यासारखे आहे.

आता जुन्या यंत्रांविषयी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य मायक्रोसॉफ्टने थांबविले. ‘विंडोज ११’ला जी सामग्री लागते ती साधारण २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांत नाही. त्यामुळे बँका, कंपन्या, कार्यालये यांची चांगली चालणारी यंत्रे केवळ प्रणालीच्या अटीमुळे बाद ठरली आणि जुन्या बाजारात आली. त्यांचा प्रोसेसर ठणठणीत असतो. एसएसडी बसवून, रॅम आठ जीबी करून, वर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घातली की ते यंत्र आणखी चार-पाच वर्षे अभ्यासाला पुरते. प्रणालीचे मूल्य शून्य. ‘सी-डॅक’ने २००७ पासून ‘बॉस’ ही भारतीय भाषांना पोषक लिनक्स प्रणाली उपलब्ध केली आहे, मराठीसह. ‘लिनक्स आमच्या मुलांना जमणार नाही’ असे जे म्हणतात त्यांनी केरळकडे पाहावे. तेथील सरकारी शाळांतून संगणकशिक्षण कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालते. तेथील राजकारण आपल्याला पटो न पटो, चांगली गोष्ट जेथून मिळेल तेथून घ्यावी.

राहिला तो विद्यार्थी, ज्याला खरोखरच मोठे यंत्र लागते. त्याला ‘तुला नाही परवडत’ असे सांगून घरी बसवायचे का? कदापि नाही. येथे दोन वाटा आहेत. पहिली सरकारने काढलेली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने दहा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मान्यता दिली. तिच्यातून संशोधक, विद्यार्थी, नवउद्योजक यांना लक्षावधी रुपयांच्या ग्राफिक्स प्रोसेसरची क्षमता तासाला शंभर रुपयांहून कमी अनुदानित दराने वापरता येते. यंत्र दूर कोठेतरी, काम आपल्या साध्या लॅपटॉपवरून. अट एकच, गावात भरवशाचे इंटरनेट हवे. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली ऑप्टिकल फायबर पुढे घराघरांत, शाळांत पोहोचली का, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

दुसरी वाट आपण स्वतः काढायची. महाराष्ट्राला संगणकसाक्षर कोणी केले? घरोघरच्या संगणकांनी नव्हे. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी सुरू झाला आणि गावोगावच्या दहा-वीस यंत्रांच्या केंद्रांतून एक कोटीहून अधिक लोक शिकून बाहेर पडले. एक यंत्र दिवसभरात आठ-दहा जण वापरीत. आपल्या गावात पाणी सामाईक आहे, मळणीयंत्र भाड्याने फिरते, लग्नाची भांडी गावकीची असतात. मग दीड लाखाचे यंत्रच प्रत्येक घरी स्वतंत्र का असावे?

हिशेब मांडतो. सहा कुटुंबांनी पंचवीस हजार रुपये प्रत्येकी घातले की दीड लाखाचे यंत्र येते. वाचनालयाची किंवा शाळेची एक पक्की, हवेशीर खोली, एक यूपीएस, एक वही. मुलींसाठी सकाळी व दुपारी वेळ राखीव, म्हणजे अंधार पडल्यावर परतण्याचा प्रश्न नाही. ज्याला रात्रभर चालणारे चित्रीकरणाचे काम आहे त्याने संध्याकाळी लावून जावे, सकाळी न्यावे. वीज आणि दुरुस्तीसाठी तासाला दहा रुपये. खेळांना बंदी हवी का, हे वापरणाऱ्या मुलांनीच ठरवावे. माझ्या मते रविवारी दुपारी खेळू द्यावे, नाही तर ती चोरून खेळतील. चार वर्षांनी यंत्र जुने होईल, तेव्हा ते शाळेला द्यावे आणि नव्या सहा कुटुंबांनी नवे घ्यावे.

अडचणी येतील. कोणी वेळ पाळणार नाही. कोणी आपली कामे त्यावर सोडून जाईल. पैसे कोणी किती घातले यावरून बोलाचाली होतील. म्हणून वही आणि किल्ली एकाच विश्वासू व्यक्तीकडे असावी आणि ती व्यक्ती त्या सहा कुटुंबांपैकी नसावी. सेवानिवृत्त शिक्षक या कामाला उत्तम.

आता एक विनंती करून थांबतो. मेहकर आणि डोणगाव परिसरातील कोणत्या पतसंस्थेत, कार्यालयात, दुकानात ‘विंडोज १०’ची बाद केलेली यंत्रे पडून आहेत, हे येथे बसलेल्यांपैकी काहींना निश्चित ठाऊक असेल. दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. जाताना तीत ठिकाण आणि यंत्रांची संख्या लिहावी. आणि ज्यांच्या घरी बारावीनंतर शिकणारी मुलगी आहे आणि संगणक नाही, त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर तेवढे नोंदवून ठेवावे.